तळ्यावरची फालीन

"आता पोलीस येत न्हाईत," आत्याबाई म्हणाल्या. "आता पलटण येणार."

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, गजराबाई. तळ्याच्या बांधावर लोखंडी चाकाला पाठ टेकवून त्या मिश्री लावत बसल्या होत्या. आम्ही गावच्या साऱ्या बायका त्यांच्या भोवती. ते चाक फिरवलं की खालचा दरवाजा उघडायचा आणि तळ्यातलं पाणी कालव्याने खाली साखर कारखान्याकडे जायचं. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरी कधीच्या आटल्या होत्या. तळ्याच्या बुडाशी हिरवट पाणी उरलं होतं आणि तेवढ्यावर आमच्या हिंगणओढ्याची माणसं आणि जनावरं उन्हाळा काढणार होती. ते गेलं असतं तर गावच उठलं असतं. म्हणून आम्ही चाक धरून बसलो होतो.

"पलटण येणार हे तुम्हांला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"ह्यांनी आज दाढी केली," आत्याबाई म्हणाल्या. "पंधरा दिस पाण्यापायी केली न्हवती. आज वाटीभर पाणी घेऊन केली. त्यांना वास येतो पलटणीचा."

हे म्हणजे माझे सासरे, सुभेदार केरबा मांढरे. मी त्यांना मामंजी म्हणायची. मी दुसऱ्या तालुक्यातली, सातवी शिकलेली, लग्न होऊन दोनच वर्षं झालेली. नवरा तिकडे सरहद्दीवर आणि मी इकडे पेन्शनरांच्या गावात. हिंगणओढ्यात घरटी एक माणूस पलटणीत होता किंवा पलटणीतून आलेला होता. सकाळी चावडीपुढे म्हातारे जमले की बूट नसलेल्या पायांनीही टाच टाचेला लावून उभे राहायचे. मामंजींनी पलटणीतून येताना एक जुना बिगूल आणला होता. रोज दिवस मावळताना ते घराच्या कट्ट्यावर उभे राहून तो वाजवायचे आणि गावातला जो पुरुष जिथे असेल तिथे सावधान उभा राहायचा. कुणी औत सोडत असो, कुणी धार काढत असो. धार काढणाराने सोडलेलं भांडं बायकोने धरायचं, अशी रीत. बायकांना सावधान नव्हतं. तव्यावर भाकरी असायची ना. नवीन होते तेव्हा मला याचं इतकं हसू यायचं की पदर तोंडात कोंबून आत पळायची.

तर पोलीस दोन दिवसांपूर्वी येऊन गेले होते. चाक सोडवायला म्हणून बांधावर चढले आणि आमच्या बायकांनी त्यांच्यावर तळ्यातल्या गाळाचे गोळे मारले. गाळ निसरडा. दोघे-तिघे घसरून खाली गेले, एकाचं डोकं दगडावर आपटून खोक पडली. खरं सांगायचं तर मग आम्हीच त्याच्या डोक्याला हळद लावून फडकं बांधलं. पण चिखलात पडलेल्या माणसांनी वर काय कळवलं कोण जाणे. आमच्या गावात दंगल झाली असं ठरलं. राखीव पोलीस दुसरीकडे अडकलेले. जवळच दुष्काळी कामावर पूल बांधायला एक पलटण आलेली होती. कारखान्याच्या माणसांचं वरपर्यंत वजन. मग काय, बायकांना उठवायला फौज निघाली.

पुरुष आमच्यात बसले नव्हते. सरकारची पेन्शन खायची आणि सरकारच्या विरोधात बसायचं कसं, असा त्यांना पेच पडला होता. पेन्शन बंद झाली तर घरं बसणार. तेव्हा ते बांधाच्या उतारावर बाभळींखाली गुरं राखायच्या निमित्ताने बसायचे आणि आमच्याकडे बघायचे. आत्याबाई त्यांच्याकडे बघून मोठ्याने म्हणायच्या, "गुरं दोन आन् राखायला तीस जनं. लई काम पडतंय बाबा!"

सकाळची उन्हं चढली आणि खालच्या रस्त्यावर धूळ उठली. पुढे तहसीलदारांची जीप, मागे हिरवे ट्रक. शिपाई उड्या टाकून उतरले, काही न बोलता बांधावर आले आणि आमच्यापासून थोड्या अंतरावर ओळीने उभे राहिले. डोंगराकडची कोवळी, गोरी पोरं होती. आमच्याकडे सरळ न बघता कुठेतरी आमच्या डोक्यांवरून बघत होती. त्यांचा कॅप्टन सावळा, उंच, केरळकडचा होता. कोशी त्याचं नाव, हे मागाहून कळलं. पोलिसांशी भांडताना आम्हांला जोर आला होता. पण ह्या पोरांची ती गुपचूप शिस्त निराळीच होती. आमच्यातली एकही बाई ओरडेना.

मग त्यांच्यातल्या एकाने बिगूल वाजवला.

आणि पाठोपाठ बाभळींकडून आवाज आला, "फालीन!"

मामंजींचा आवाज. हा शब्द आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. फालीन म्हणजे रांगेत उभं राहणं. सारे पेन्शनर उठले. कुणी धोतरात, कुणी जुन्या खाकी पँटमध्ये, कुणाच्या डोक्याला मुंडासं. तरातरा बांधावर चढले आणि आमच्या पुढ्यात, आमच्याकडे पाठ करून, खांद्याला खांदा लावून उभे राहिले. शिदू नाईक तेवढा मागे राहिला. तोफांच्या आवाजाने तो ठार बहिरा झालेला. सगळे उभे राहिलेले बघून तोही धावत आला आणि शेजारच्याला ओरडून विचारू लागला, "कशाचा बिगूल? जेवणाचा?"

"बघा गं बाई!" तोरण्यांची पारू कपाळाला हात लावून म्हणाली. "बिगूल वाजला का उठली बैलावानी! आता ह्येच आपल्याला हाकलत्याल."

मलाही तसंच वाटलं. मनातून फार वाईट वाटलं. आम्ही चाक धरून बसलोय आणि आमची माणसं सरकारच्या पहिल्याच हाकेला उभी राहिली. माझ्यापुढे मामंजींची पाठ होती. सदऱ्याला खांद्यावर मीच ठिगळ लावलेलं. त्या ठिगळाकडे बघत मी दातओठ खात होते.

एवढ्यात दोन शिपायांनी दोन काठ्यांना लावलेलं पांढरं कापड उलगडलं. त्यावर लाल अक्षरं होती.

"शालन, काय लिवलंय गं?" आत्याबाईंनी विचारलं.

पुरुषांच्या खांद्यांमधून मी वाचलं. "पांगा, नाहीतर गोळी चालवण्यात येईल."

पारूने आपली तान्ही पोरगी पदराखाली घेतली. जावं का, असं माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या. त्यांनी मिश्रीची डबी बंद करून कनवटीला लावली आणि मांडी आणखी घट्ट घातली.

तहसीलदार मात्र खूश. "वा! ह्याला म्हणतात शिस्त," असं म्हणत ते पुढे आले. "कॅप्टनसाहेब, हे माजी सैनिक. आपलेच लोक. चला, आता काम सोपं झालं."

कॅप्टन म्हाताऱ्यांच्या रांगेपुढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला. परत आला. मामंजींच्या समोर थांबला. मामंजींनी सलाम ठोकला.

"सुभेदार केरबा मांढरे, साहब. पेन्शनर टोली हाजिर है."

"सुभेदार साहब, आप लोग बाजू में हो जाइए."

"साहब, फालीन हुई है. बिगुल बजा था."

"वो आपके लिए नहीं था."

"बिगुल तो सबके लिए होता है, साहब."

कॅप्टनने मामंजींकडे बघितलं. मग त्यांच्या खांद्यावरून मागे, आम्ही बसलेल्या बायकांकडे बघितलं. मग वळून आपल्या शिपायांच्या रोखलेल्या बंदुकांकडे. पुन्हा मामंजींकडे. त्या दोघांत काहीतरी झालं. काय, ते मला तेव्हा कळलं नाही. कॅप्टन मागे फिरला आणि त्याने हात खाली केला. बंदुका खाली झाल्या.

"हे काय?" तहसीलदार म्हणाले. "या लोकांना बाजूला करा आणि बायकांना उचला."

"औरतों को मेरे जवान हाथ नहीं लगाएँगे," कॅप्टन म्हणाला. "उठाना पुलिस का काम है. फौज का काम उसके बाद का है. वो मैं करूँगा, आप लिखकर दीजिए."

"लिहून? काय लिहून?"

"गोली चलाओ. और किस पर, ये भी लिखिए. इन पर, या उन पर." आणि त्याने खिशातला पेन काढून टोपण काढलं आणि तहसीलदारांपुढे धरला.

तहसीलदार वाईट माणूस नव्हते. मुलीबाळींचे बाप असावेत. पेनाकडे बघून ते एक पाऊल मागे सरले. "हे पाहा, मला वरून फोन आहे," ते म्हणाले.

"तो ऊपरवाले को बुलाइए. वो लिखें."

पेन घ्यायला तहसीलदारांचा हात काही पुढे आला नाही. त्यांनी मग दुसरी वाट धरली. मामंजींपाशी येऊन गोड आवाजात म्हणाले, "सुभेदार, तुम्ही शिस्तीची माणसं. ह्या तुमच्याच घरच्या बायका ना? सांगा त्यांना उठायला. पेन्शनचा तरी विचार करा."

मामंजी कवायतीत वळतात तसे गर्रकन वळले आणि बायकोसमोर उभे राहिले. चार माणसांत नवरा-बायकोने एकमेकांकडे नीट बघायचीही आमच्याकडे चाल नव्हती. मामंजी खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, ऊठ."

आत्याबाई बाजूला थुंकल्या. पदराने तोंड पुसलं.

"अवं, मी कवा भरती झाले?"

आधी पारू हसली. मग सगळ्या बायका. मग रांगेतल्या म्हाताऱ्यांचे खांदे हलायला लागले. त्यांना सावधान उभं राहायचं होतं, हसायचीही चोरी. एका गोऱ्या शिपायाने शेजारच्याला विचारलं, ती बाई काय म्हणाली. त्याला कळलं असावं, कारण त्यानेही ओठ चावला. मला मात्र हसताना रडू फुटलं.

मामंजी पुन्हा गर्रकन वळले. "साहब, हुकुम पहुँचा दिया. मानती नहीं."

"घर पे मानती है?" कॅप्टनने विचारलं.

"कभी नहीं, साहब."

कॅप्टन हसला नाही, पण त्याने तोंड फिरवलं. मग त्याने आपल्या शिपायांना ट्रकच्या सावलीत बसायला सांगितलं. तहसीलदार जीपमध्ये बसून फोन करायला तालुक्याला गेले.

ते येईपर्यंत दुपार कलली. शिपाई बसले, आम्ही तर बसलेल्याच होतो. उभे होते फक्त आमचे म्हातारे. मामंजी त्यांना विश्रामही म्हणत नव्हते. उन्हाने त्यांच्या माना काळ्या पडल्या. मी तांब्यातलं पाणी घेऊन गेले तर एकानेही हात पुढे केला नाही. बायकांना तर आयताच विषय मिळाला. "अवं, आता कोन न्हाई बघत, बसा की!" "पेन्शन वाढवून मिळल गं त्यास्नी!" आणि आत्याबाई सगळ्यांत पुढे. "जलमभर उभंच ऱ्हायले, आता काय सवय जात्या व्हय!" मामंजींनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

तहसीलदार परत आले ते पडेल चेहऱ्याने. कलेक्टर स्वतः येऊन बघेपर्यंत पाणी सोडायचं नाही, असं ठरलं होतं. पुढे कलेक्टर आले. चाकाला साखळी घालून दोन कुलुपं लावली, एक सरकारचं आणि एक गावाचं. तळ्याचं पाणी आम्हांला राहिलं. गाव उठलं नाही. पेन्शनही कुणाची बंद झाली नाही, कारण कागदावर काय लिहायचं, पेन्शनर बिगूल ऐकून उभे राहिले म्हणून?

शेवटचा ट्रक रस्त्याला लागून दिसेनासा झाला, तेव्हा कुठे मामंजींनी रांग मोडायचा हुकूम दिला. शिदू नाईक तिथल्या तिथे खाली बसला आणि त्याला उचलून घरी न्यावं लागलं.

त्यानंतरची कितीतरी वर्षं आमच्या गावाने या गोष्टीवर काढली. धुणं धुताना, लग्नात, जात्यावर, कुठेही बायका जमल्या की पुरुषांची टर उडवायच्या. आमच्या घरात तर रोजचंच. पुढे कुकर आला. त्याची शिट्टी झाली की आत्याबाई म्हणायच्या, "अवं बसा, बिगूल न्हाई, डाळ हाय." मामंजी हसायचे. घास तोंडात असला तर ठसका लागेपर्यंत हसायचे. ते घर, ती चूल, त्या दोघांची ती रोजची थट्टा आठवली की अजून मला भरून येतं. आता मुलं पुण्यात असतात, तळ्यात बारमाही पाणी असतं, आणि थट्टा करणारं कुणी नाही.

मामंजी खूप थकल्यावरची गोष्ट. दुपारची वेळ होती. मी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते, ते खाटेवर. रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. कुठल्याशा शहरात दंगल होऊन लष्कराला पाचारण केलं, असं बाई सांगत होती. मामंजींनी हात लांब करून रेडिओ बंद केला.

इतकी वर्षं जे मनात होतं ते मी त्या दिवशी विचारलं. "मामंजी, त्या वक्ताला तुमी का उभं ऱ्हायलात?"

त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले.

"शालन," ते म्हणाले, "बिगूल झाला, कापड उलगाडलं, का म्होरं काय व्हतं ते तुमास्नी ठावं न्हवतं. मला ठावं हुतं. गोळी घालायची पाळी आली तर हुकूम आस्तो, नेम गुडघ्याखाली. मानूस मरू ने म्हनून. पायाला लागती. लंगडा हुतो, पर जगतो."

"मग?"

"पर ते उभ्या मानसाचं झालं." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तू आता बसलीयास. तुझं गुडघ्याच्या उंचीला काय हाय?"

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी मांडी घालून बसले होते.

"तुज्या लग्नाच्या आदी एका शहरात आमी बंदुबस्ताला गेलो हुतो," मामंजी म्हणाले. "मानसं रस्त्यात बसली हुती. बसली म्हंजी आपल्याला काय करनार न्हाईत, आसं त्यास्नी वाटलं आसंल. आमचा नेम बरूबर हुता. हुकमापरमानं. गुडघ्याखाली."

अंगणात कोंबडी शेंगांची टरफलं उकरत होती. तिला हाकलायचंही मला सुचलं नाही.

मी कसंबसं विचारलं, "मग हे कुनाला सांगितलं का न्हाई? सगळं गाव तुमास्नी हसलं."

"काय सांगू? मग त्या शहराचं बी सांगाया लागलं आसतं."

त्यांच्या रांगेतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना ठाऊक होतं का, हे विचारायचं राहिलं. असणार. बहिरा शिदू सोडला तर सगळे मामंजींच्याच पलटणीतले होते. आणि कॅप्टनलाही त्या दिवशी सगळं कळलं होतं. आम्हांला पाठ करून उभी असलेली ती तीस माणसं हुकूम पाळत नव्हती. ती आमच्या पुढे आपले पाय घेऊन उभी राहिली होती.

मामंजी गेले. वर्षश्राद्ध झालं. पाहुणे पांगल्यावर मी आणि आत्याबाई दोघीच घरात राहिलो. त्यांना आता नीट दिसत नव्हतं. मला वाटलं, ह्या माउलीने जन्मभर नवऱ्याला बिगुलावरून चिडवलं, आता तरी तिला खरं कळावं. मी सगळं सांगितलं. गुडघ्याखालचा नेम, ते शहर, सगळं.

आत्याबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कवापासनं?"

"लई आदीपासनं. झोपंत बोलायचे ते. 'बैठो मत, बैठो मत.' हात जोडायचे झोपंत. आगं, त्यांच्या उशाला मी निजत हुते. मला न्हाई कळायचं तर कुनाला कळायचं? त्या दिशी ते फुडं येऊन उभं ऱ्हायले आन् माझ्या ध्यानात आलं."

"आन् तरी तुमी त्यांना येवढं चिडवलंत?"

"मग काय दोघांनी मिळून रडत बसायचं हुतं? चिडवलं का हसायचे ते. तू बघितलंस न्हवं, कसे हसायचे."

पण एक गोष्ट मनातून जात नव्हती. बसलेल्या माणसाला गोळी कुठे लागते हे बांधावरच्या साऱ्या बायकांत एकट्या त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांनीच मांडी घट्ट घातली होती.

"आत्याबाई, येवढं ठावं हुतं तर मग तुमी उठलात का न्हाई?"

त्यांनी आवाजाच्या रोखाने माझ्याकडे तोंड वळवलं. इतकं सोपं मला कसं कळत नाही, असं त्यांना वाटलं असावं.

"मी उठले आसते," त्या म्हणाल्या, "तर मग ते कुनाफुडं उभं ऱ्हायले आसते?"